केळी आपली, कापूस आपला, मग पैसा दुसऱ्याच देशात का?

चोपड्याचा पोरगा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी जळगावला खोली करून राज्यसेवेचा अभ्यास करतो. घर चोपडा तालुक्यात, थोडी केळी, बाकी कापूस. अर्थशास्त्रात 'आर्थिक विकासाचे घटक' म्हणून प्रकरण आहे. नैसर्गिक साधनं, भांडवल, मनुष्यबळ, तंत्रज्ञान, राजकीय स्थैर्य. सगळं पाठ आहे, परीक्षेत लिहिता येईल. पण घरी वडिलांनी विचारलं तेव्हा ते पाठांतर कामाला आलं नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे. जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकते, त्यात आपला जिल्हा नावाजलेला. काळी कसदार जमीन, तापीचं खोरं, कष्टाला माणसं. आणि ज्या देशांत कापूस जवळजवळ पिकतच नाही ते कपडे विकून पुढे गेले. मग जमीन, पाणी आणि मेहनत यांनी देश श्रीमंत होतो हे खरं कसं मानायचं?

मला यादी नको, यादी पुस्तकात आहे. कुठल्या देशात नेमकं काय घडलं आणि त्यातलं काय खरं वजनदार ठरलं, हे जाणत्यांनी आपल्या अनुभवासकट सांगावं ही विनंती.

रावेरचे नाना

बाळा, तुझ्या वडिलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी रावेर तालुक्यातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या केळी. माझं वाचन हळूहळू वाढलं ते याच प्रश्नापायी. तुला एक वाट सांगतो. सगळ्या देशांचा सगळा इतिहास वाचत बसू नकोस. एक पीक धर आणि ते पिकवणाऱ्या देशांत काय काय झालं ते बघ. आपलं केळीच धर.

मध्य अमेरिकेच्या नकाशावर ग्वाटेमाला आणि कोस्टा रिका शोध. दोन्हीकडे ज्वालामुखीची भारी जमीन, पाऊस मुबलक, दोन्ही अंगांना समुद्र. दोघांवर स्पेनचं राज्य होतं, दोघेही १८२१ साली मोकळे झाले. दोघांकडे आधी कॉफी आली, मग केळी. १८९९ साली युनायटेड फ्रूट नावाची अमेरिकन कंपनी उभी राहिली आणि ती दोन्हीकडे घुसली. रेल्वे तिची, धक्का तिचा, जहाज तिचं. म्हणजे पुस्तकातला नैसर्गिक साधनांचा रकाना दोघांचा सारखाच भरायचा, परकीय भांडवलाचाही सारखाच. आज कोस्टा रिकाचं सरासरी आयुर्मान ८० वर्षांच्या आसपास आहे. ग्वाटेमालात पाच वर्षांखालची जवळपास निम्मी पोरं वाढ खुंटलेली आहेत. एकच पीक, एकच कंपनी, आणि इतकं अंतर. हे अंतर कशानं पडलं ते मला शोधावंसं वाटलं.

ग्वाटेमालात जमीन मूठभर घराण्यांकडे आणि त्या कंपनीकडे होती. मूळचे माया लोक कॉफीच्या मळ्यांवर सक्तीनं राबवले जायचे, त्यासाठी कायदेच होते. १९५२ साली तिथल्या आर्बेन्झ सरकारनं जमीन सुधारणेचा कायदा केला. कायदा जहाल नव्हता. मोठ्या जमीनदारांची पडीक ठेवलेली जमीन तेवढी घ्यायची, तीही भरपाई देऊन, आणि भरपाई किती? मालकानं कर भरताना जमिनीची स्वतः जी किंमत सांगितली असेल तेवढी. आता कंपनीनं कर वाचवायला किंमत कमी दाखवलेली. सरकारनं तोच आकडा धरून साधारण ६ लाख २७ हजार डॉलरचे रोखे देऊ केले. कंपनीच्या वतीनं अमेरिकी सरकारनं मागितले सुमारे १ कोटी ५८ लाख. आपल्याकडे सारा भरताना एक किंमत आणि भूसंपादनात दुसरी, हा प्रकार कोणाला नवा नाही, पण तिथे त्यापायी सरकारच पाडलं गेलं. १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या पाठबळानं उठाव झाला, आर्बेन्झ गेले, वाटलेल्या जमिनी बहुतेक परत घेतल्या गेल्या. पुढे १९६० ते १९९६ यादवी चालली, सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा गायब झाली, त्यातली बहुसंख्य माया. ज्या घरातली माणसं अशी गेली, तिथे कसलं भांडवल आणि कसलं तंत्रज्ञान.

कोस्टा रिकात शेतकरी आधीपासून लहान होता, स्वतःच्या तुकड्यावर कॉफी लावणारा. राबवून घ्यायला माणसंच कमी होती, त्यामुळे मोठ्या जहागिऱ्या तितक्या पसरल्या नाहीत. १८६९ साली तिथे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. आपल्याकडे १८५७ चं बंड शमून तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती. कंपनी तिथेही माजली होतीच, पण १९३४ साली केळीच्या मजुरांनी मोठा संप केला आणि त्यातून त्यांची दखल घेणं भाग पडलं. १९४१ साली आरोग्य विमा आला, १९४३ साली कामगार कायदा. १९४८ साली थोडक्यात आटोपलेलं एक गृहयुद्ध झालं आणि जिंकलेल्या फिगेरेस यांनी देशाचं सैन्यच बरखास्त केलं. राजधानीतल्या लष्करी किल्ल्यात आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. सैन्याचा खर्च वाचला, पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की सरकार उलथवायला हाताशी सैन्यच उरलं नाही. मग शाळा आणि दवाखाने कोणत्याही सरकारात चालू राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलसारखी कंपनी तिथे कारखाना काढायला गेली ती शिकलेली पोरं बघून. आज त्या देशाची सगळ्यात मोठी निर्यात वैद्यकीय उपकरणांची आहे. केळी अजूनही जाते, अननसही जातो, पण देश त्यावर अडून बसलेला नाही.

आता आपल्या बांधावर ये. आमच्या तालुक्यात तांदलवाडीकडून आखाती देशांत केळी जाते. ते काम एकदा जवळून बघ. घड झाडावर असतानाच केळफूल मोडायचं, खालच्या फण्या काढायच्या, घडाला पिशवी चढवायची. कापल्यावर घड जमिनीला टेकू द्यायचा नाही, खांद्यावर गादी घेऊन शेडपर्यंत आणायचा. फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात टाकायच्या म्हणजे चीक निघतो. मग पुसून, डाग बघून, खोक्यात कागद घालून बसवायच्या, आणि तेरा-चौदा अंशांच्या कंटेनरमधून न्हावाशेव्याला. एका फणीवर नखाचा ओरखडा दिसला तरी बाई ती बाजूला काढते. हे सगळं आमच्या गावच्या पोरापोरींनी बघता बघता उचललं. म्हणजे कसब आपल्याकडे आहे, कष्ट आहेत, टिश्यू कल्चरची रोपं आहेत, ठिबक आहे.

पण दिल्लीच्या गाडीत जाणारा बहुतेक माल कसा विकला जातो? बाजार समितीच्या बोर्डावर भाव एक निघतो आणि कापणीच्या दिवशी बांधावर व्यापारी दुसराच सांगतो. मजूर बागेत उभे, गाडी रस्त्यावर उभी, घड तयार झालेला. कापूस निदान घरात कोंडून ठेवता येतो, केळी चार दिवस थांबत नाही. तेव्हा शेतकरी मान डोलावतो. मालात खोट नाही, मेहनतीत खोट नाही, त्याला 'नाही' म्हणायची सोय नाही.

माझं मत विचारशील तर सगळ्या घटकांत वजनदार घटक हाच. पिकवणाऱ्याला, राबणाऱ्याला नाही म्हणायची सोय ज्या देशानं करून दिली, तिथे पैसा गावात राहिला. ती सोय कुठे मालकीच्या जमिनीतून आली, कुठे शाळेतून, कुठे संघटनेतून, कुठे मतपेटीतून. ती नसेल तर हिरे सापडोत की तेल, वरच्या वर उडून जातं.

धरणगावचा ग्रेडर

नाना, तुमनं खरं शे. पण केळीत निम्मीच गोष्ट आली. उरलेली कापसात आहे, ती मी सांगतो. माझी उमर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात गेली. रुईची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, पुन्हा एकावर एक ठेवून ओढायची, तंतू सगळे एका रेषेत आले की लांबी डोळ्याला कळते. यंत्रं नंतर आली.

पोरा, एक हिशोब लक्षात ठेव. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. त्या रुईचं सूत, सुताचं कापड, कापडाचा सदरा. प्रत्येक पायरीवर पैसा वाढतो, आणि प्रत्येक पायरीवर जास्त माणसांना काम मिळतं. खानदेशचा शेतकरी पहिल्या पायरीवर उभा आहे आणि जिनिंगवाला दुसऱ्या. आपल्याकडे पुढच्या पायऱ्या नव्हत्या असं नाही. जळगावला खानदेश मिल होती, अमळनेर-धुळ्याला प्रताप मिल, चाळीसगावला कापड गिरणी. भोंग्यावर गाव उठायचं. त्या एकेक करून थंडावल्या.

आपला कापूस जगाच्या बाजारात कसा ओढला गेला तेही बघ. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, म्हणून इकडचा भाव आभाळाला भिडला. त्याच दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. लढाई संपली आणि भाव कोसळला. रेल्वे कापूस उचलून मुंबईच्या गोदीत नेण्यासाठी होती. इथे गिरण्या निघाव्यात म्हणून ती कोणी टाकली नव्हती. रस्ता, रेल्वे, बंदर हे घटक पुस्तकात एका ओळीत येतात, पण ते कोणाच्या कामासाठी बांधले हे बघितल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

आता बांगलादेश. कापूस जवळपास शून्य, बराचसा आपल्याकडूनच विकत घेतात. १९७१ ला देश झाला तेव्हा हाल बेकार, पूर, दुष्काळ, युद्धाची राख. तेव्हा श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर कोटा लावला होता. कोरियाचा कोटा भरत आला, बांगलादेशचा तसाच पडून. म्हणून देवू ही कोरियन कंपनी तिथल्या 'देश गारमेंट्स' या कंपनीबरोबर आली. १९७९ साली १३० लोकांना कोरियात नेऊन शिकवलं. शिवण, माप, तपासणी, विलायती ग्राहकाशी पत्रव्यवहार, सगळं. ते परत आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी आपापली वाट धरली, कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. सरकारनं दोन सोयी दिल्या. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर जकात नाही, आणि परदेशी ग्राहकाच्या ऑर्डरच्या कागदावरच बँक कच्च्या मालाला पैसा देणार. खिशात भांडवल नसलेला माणूस कारखानदार झाला तो या दुसऱ्या सोयीमुळे. आज तिथल्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त तयार कपडे आहेत आणि त्यात राबणाऱ्या लाखो बायका आहेत.

आपल्याकडे त्याच काळात कपडे शिवणं लघुउद्योगासाठी राखीव होतं. हेतू चांगला होता, लहान माणसाला संरक्षण. पण कारखाना मोठा करता येईना, मोठी ऑर्डर घेता येईना. ते आरक्षण उठायला २००० साल उजाडलं, तोवर गिऱ्हाईक ढाक्याला जाऊन बसलं होतं.

कोरियाचंही दोन ओळींत सांगतो, कारण त्याशिवाय हे पुरं होत नाही. १९५३ ला युद्ध थांबलं तेव्हा दक्षिण कोरिया जगातल्या अतिगरिबांत मोजला जायचा. खनिजं, वीज, अवजड कारखाने बहुतांश उत्तरेकडे गेले होते. पण १९५० च्या सुमारास जमिनीचं वाटप झालं, घराला तीन हेक्टरची कमाल मर्यादा. कूळ मालक झालं आणि त्याचं पोरगं शाळेत गेलं. १९६० च्या दशकात त्यांनी माणसांच्या केसांचे टोप विकले, प्लायवूड विकलं, कपडे विकले. सरकार कारखानदाराला स्वस्त कर्ज द्यायचं, पण निर्यातीचं लक्ष्य गाठलं तरच. नाही गाठलं तर कर्ज बंद. आपल्याकडे सवलत मिळते ती माल बाहेर विकला की नाही हे न विचारता. नाना, इथे माझा थोडा मतभेद आहे. कोरियात त्या काळी मजुराला नाही म्हणायची सोय मुळीच नव्हती, लष्करशहा बसला होता, लोकशाही यायला १९८७ उजाडलं. तरी देश वर आला. म्हणून मी म्हणेन की पुढची पायरी चढायला लावणारं सरकार हा घटक वेगळा मोजा.

आणि बांगलादेशची दुसरी बाजू न सांगता थांबणं बरोबर नाही. २०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली, अकराशेहून जास्त माणसं दबून मेली. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते, तरी त्यांना आत पाठवलं. तिथे नानांचा मुद्दा पुन्हा उभा राहतो.

अमळनेरकर

भूगोल आणि योगायोग यांना तुम्ही दोघांनी फारच सोडून दिलं. समुद्र नसलेल्या देशाला माल बाहेर काढायला शेजाऱ्याच्या दारातून जावं लागतं, शेजारी भांडत असला की संपलं. मलेरियाचा पट्टा, दर दोन वर्षांनी अवर्षण, हे काही माणसाच्या हातात नसतं.

तरी नानांच्या बाजूनं एक उदाहरण मीच देतो, कारण ते टाळता येत नाही. बोट्स्वाना. समुद्र नाही, बराचसा देश कलहारीचं वाळवंट, १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता १२ किलोमीटर. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा ज्या जमातीच्या राजघराण्यातले, त्याच जमातीच्या मुलखात ते हिरे होते. त्यांच्याच सरकारनं कायदा करून खनिजाचा हक्क जमातींकडून काढून सगळ्या देशाच्या नावावर केला. पुढे डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबर निम्मी-निम्मी भागीदारीची कंपनी झाली. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने. तिकडे सिएरा लिओनमध्येही हिरेच होते, आणि तिथे १९९१ ते २००२ हिऱ्यांच्या पैशावर यादवी पेटत राहिली. बोट्स्वानातही विषमता मोठी आहे आणि हिऱ्यांचा बाजार पडला की देश अडचणीत येतो, हेही खरं.

आता आमच्या गावचं. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावानं वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच आजची विप्रो. मुळं इथली, पण संगणकाचा धंदा वाढला बंगळुरात. का? तिथे आधीच विज्ञान संस्था, सरकारी विमान कारखाना, टेलिफोन कारखाना, अभियांत्रिकी कॉलेजं होती. एका कंपनीतून सुटलेला माणूस पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीत लागतो, तिथलं शिकलेलं इथे नेतो. अमळनेरला हुशार पोरं तेव्हाही होती आणि आताही आहेत, त्यांना एकमेकांच्या शेजारी बसवणारं काही नव्हतं. शहाणपण जिथे दाट असतं तिथे ते आणखी दाट होत जातं. सिंगापूर, तैवान, सगळीकडे हे दिसतं. म्हणून माझं मत, शहर हा घटक पुस्तकात ठळक अक्षरात लिहायला हवा.

सातपुड्यातली बाई

मी धडगाव तालुक्यात शिकवते. वरच्या सगळ्या चर्चेत खानदेश म्हणजे तापीकाठ एवढाच दिसला, म्हणून लिहिते.

आमच्याकडे दिवाळी झाली की वर्ग विरळ होतो. मजूर नेणाऱ्या मुकादमानं पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीचा आगाऊ पैसा, दिलेली असते. उचल घेतली म्हणजे जोडपं ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणार हे ठरलेलं, आणि लेकरं घरी कोणाजवळ ठेवायची, म्हणून तीही जाणार. होळीला माणसं परत येतात. आमच्याकडे होळी हा सगळ्यात मोठा सण, त्यासाठी कुठूनही येतात. तेव्हा दुसरीतली मुलगी वर्गात बसते, मी अक्षर लिहून दाखवते आणि ती बोटानं पाटीवर नुसती फिरवत राहते, कारण मधले महिने हात कोयत्याच्या मागे बांड्या गोळा करण्यात गेले. ती हुशार आहे. मोळीचा हिशोब तोंडी करते, मुकादमाच्या वहीत चूक असली तर आईला सांगते.

मला मनापासून वाटतं की देश घडतो तो लहान वयात. वयाच्या दोन-तीन वर्षांपर्यंत पोट भरलं नाही तर पुढे कितीही खाऊ घाला, झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. नानांनी कोस्टा रिका सांगितला. तिथे १९७० च्या दशकात सरकारनं गावोगाव आरोग्यसेवक पाठवले, घरोघरी जाऊन लस, जंताचं औषध, पाणी, संडास, गरोदर बाईची नोंद. दशकाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे साठाहून जास्त बाळं दगावत, दहा वर्षांत तो आकडा विसाच्या आसपास आला. देश तेव्हा श्रीमंत नव्हता. आधी श्रीमंती आणि मग दवाखाना, असा क्रम नव्हता.

दुसरं उदाहरण इंडोनेशियाचं. १९७३ साली तेलाचे भाव चढले, पैसा आला, आणि त्या सरकारनं पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या, जिथे मुलं शाळेबाहेर जास्त होती तिथे जास्त. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई वाढलेली दिसली, त्यावर अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी काम केलं आहे. त्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. तेल नायजेरियातही होतं, १९५६ पासून.

म्हणून चोपड्याच्या भावाला एवढंच सांगते, 'मनुष्यबळ' असा कोरडा शब्द लिहिताना त्यात पाटी धरलेलं मूल दिसू द्या. आणि दुसरीतली मुलगी उसाच्या फडात का आहे, याचं उत्तर आईबापाच्या अज्ञानात शोधू नका. उचलीच्या पैशात शोधा. पावसाळ्यात त्यांना दुसरं कोणी कर्ज देत नाही.

चोपड्याचा पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून बराच वेळ दुसरं काही वाचता आलं नाही. नाना, ग्वाटेमालाच्या कराच्या आकड्याचं मी घरी फोनवर सांगितलं, वडील खूप वेळ त्यावरच बोलत होते.

एक विचारू? आमच्या भागात पुढारी दर निवडणुकीत म्हणतात, केळीवर प्रक्रिया उद्योग आणू, वेफर, पावडर, मग सगळं बदलेल. ग्रेडर काकांच्या पायऱ्यांच्या हिशोबानं ते बरोबरच वाटतं. मग तेवढं झालं की पुरे का?

रावेरचे नाना

पुरे नाही. वेफरचा कारखाना आला तरी तो केळी कोणत्या भावानं घेणार हा प्रश्न तसाच राहतो. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, तिथे कोको दळायचे कारखानेही निघाले, तरी शेतकऱ्याचं घर बदललं नाही. धरणगावच्या अण्णांचा मतभेद मला मान्य आहे, कोरियाचं सरकार कठोर होतं. पण त्यांनीच सांगितलं बघ, तिथे आधी कूळ मालक झालं. कारखाने त्यानंतर आले. क्रम सोडू नकोस.

केळीपुरतं बोलायचं तर इक्वेडोरचा अभ्यास कर. जगात सर्वांत जास्त केळी निर्यात करणारा देश, आपल्यापेक्षा कितीतरी लहान. १९४८ साली गालो प्लाझा अध्यक्ष झाले, त्यांच्या सरकारनं लहान-मध्यम शेतकऱ्याला केळीसाठी कर्ज दिलं, बंदरापर्यंत रस्ते काढले. म्हणून तिथे परदेशी कंपनीचे अफाट मळे नव्हे, देशातल्याच शेतकऱ्यांच्या बागा वाढल्या आणि थोड्याच वर्षांत देश निर्यातीत पहिला आला. तिथे आज खोक्यामागे किमान भाव सरकार जाहीर करतं आणि निर्यातदारानं शेतकऱ्याशी लेखी करार करावा असा कायदा आहे. माल जास्त झाला की करार नसलेल्याला त्याहून कमी भाव घ्यावा लागतो, मजुरांचे हालही आहेत, सगळं गोड नाही. पण आपल्याकडे केळीला हमीभावच नाही, आणि आपल्या उत्पादनाचा अगदी थोडा वाटा बाहेर जातो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची, आपलं गिऱ्हाईक दिल्ली, पंजाब, काश्मीरपर्यंत घरातलंच आहे. परदेशी कंपनीनं पाठ फिरवली म्हणून आपली बाग कोणी तोडत नाही. मध्य अमेरिकेला हे सुख कधीच नव्हतं.

आणि नियम करायला दिल्ली-मुंबईच लागते असं समजू नकोस. माझी सासरवाडी साक्री तालुक्यात. पांझरेवर फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. नदीत लहान बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आज ऊस असेल तर तुलाही ऊस, म्हणजे पाण्याची पाळी कोणाला मोडता येत नाही. पाणी कोणाला कधी ते गावची पंचमंडळी ठरवते, पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, त्यांचा मोबदला शेतकरीच देतात. पाणी कमी असेल त्या वर्षी थोडेच फड भिजवतात. नियम करणाऱ्याचं स्वतःचं शेतही त्याच पाटावर असतं, म्हणून तो सहसा वाकडा नियम करत नाही. वर धरणं झाली, विहिरी झाल्या, तसे बरेच फड मोडले, तरी काही टिकून आहेत. अशा पद्धती जगभर कशा चालतात याच्या अभ्यासाबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सातपुड्यातल्या ताईंनी उचलीचं जे लिहिलं ते तुझ्या उत्तरात आलंच पाहिजे. मुकादमानं पावसाळ्यात दिलेली उचल आणि व्यापाऱ्यानं लागवडीच्या वेळी दिलेला आगाऊ पैसा, दोन्ही एकाच जातीची. कापणीला नाही म्हणता येत नाही ते बऱ्याचदा त्या आगाऊ पैशामुळे. आमच्याकडे पूर्वी केळीच्या फ्रूटसेल सोसायट्या होत्या, माल सभासदांचा एकत्र करून रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीला जायचा, आणि अडल्यानडल्याला सोसायटीच पैसा द्यायची. तुमच्या भागात आता शेतकरी उत्पादक कंपनी निघाली असेल तर दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना घेऊन तिथे जा. कर्ज कोण देतं, किती टक्क्यांनी, आणि भाव कापणीच्या आधी लिहून मिळतो का, हे तीन प्रश्न विचार आणि काय कळलं ते इथे टाक. मी रोज संध्याकाळी बघतो.